मिळता रंग

भिंतीची खपली नाण्याएवढी होती, एका कडेला किंचित उचललेली, पाठीमागे पांढरी भुकटी लागलेली... खपली तळहातावर घेऊन, उजेड सोसत नाही म्हणून डावा डोळा मिटून ती खिडकीशी उभी राहिली तेव्हा खपलीचा रंग ओळखीचा होता – करडा, पण तपकिरीकडे झुकलेला, ऊब असलेला, घरातला. मग तिने सहज डोळा बदलला. तळहातावर दुसरीच खपली होती. करडीच, पण गार. आणि त्या करड्याच्या तळाशी, पाण्यात शाईचा थेंब पडून गेल्यासारखं, जांभळट काहीतरी बसलेलं. तिने पुन्हा डोळा बदलला, पुन्हा बदलला. खपली आपली जागच्या जागी होती.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिना होत आला होता आणि उजव्याचा पुढच्या आठवड्यात काढायचा होता. मधले दिवस थोडे गमतीचे जातील, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते – नव्या डोळ्याला पांढरं जास्त पांढरं दिसेल, निळं जास्त निळं; जुन्या डोळ्यात वर्षानुवर्षं पिवळट पडदा साचत आला होता, आणि तो हळूहळू साचला म्हणून कळला नाही, इतकंच. डॉक्टर गमतीचे म्हणाले म्हणून तिनेही आधी गंमत म्हणूनच पाहिलं. बेसिन पाहिलं, उशीचा अभ्रा पाहिला, नवऱ्याचे केस पाहिले – जुन्या डोळ्याच्या मते ते अजून पिकायचे होते, नव्याने ते केव्हाच पांढरे करून टाकले होते. भिंतीकडे मात्र तिने असं एकेका डोळ्याने पाहिलं नव्हतं. का पाहिलं नव्हतं... भिंत ही काय मुद्दाम पाहायची गोष्ट आहे? पण भिंत तिने निवडली होती. आणि निवडली होती ती, आता नीट आठवून पाहिलं तर, तो पडदा चांगला दाट झाल्यावर.

हे सगळं निघालं एका जळक्या वायरीमुळे. इलेक्ट्रिशियनने बैठकीच्या खोलीतली भिंत छतापासून स्विचबोर्डपर्यंत वीतभर रुंद फोडली, नवी वायर घातली, पुट्टी भरली आणि ‘आता फक्त रंग मारा’ असं सांगून तो गेला, जसं काही रंग मारणं ही ‘फक्त’ करायची गोष्ट असते. माळ्यावरचा जुना डबा काढला तर आतला रंग साबणाच्या वडीसारखा घट्ट झालेला. झाकणावर कंपनीचं नाव होतं, रंगाचं नाव होतं. पण ती कंपनी आता हा रंग काढत नाही असं कळलं, आणि जिथून डबा आणला होता ते दुकानही दुसऱ्या कंपनीचं झालं होतं.

रंगाचं नाव टोप, इंग्रजीत छापलेलं. रंगाऱ्याने पहिल्या दिवशी डबा उघडताना ते मोठ्याने वाचलं आणि नवरा लगेच म्हणाला होता, “रंगाचं नाव टोप? मग झाकण कुठल्या रंगाचं?” स्वतःच्या विनोदावर तो इतका खूश झाला की आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवत सुटला. भिंतीचं नावच मग टोप पडलं. टोपावरचं घड्याळ मागे पडतंय. टोपाला कोळिष्टक लागलंय. कंटाळा आला तिला त्या विनोदाचा. पण लोक नावाला हसत होते. रंगाबद्दल, बरा आहे, वाईट आहे, असं कोणीही काही म्हणालं नव्हतं, हे तिला आज खपली हातात धरल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

“अगं, कुठलाही करडा आण,” सकाळी चहा पिता पिता नवरा म्हणाला होता. “चालेल.”

“करडा नाहीये तो.”

“मग तपकिरी आण. तेवढ्याशा पट्ट्याकडे कोण बघतंय?”

हा माणूस आयुष्यभर नकाशे काढत आला. रेघ केसभर सरकली तर कागद चुरगळून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून बसायचा. पण रेघ काळी असते आणि कागद पांढरा. त्यापलीकडे त्याने जगाशी रंगावरून कधी भांडण काढलं नाही. एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घालून तो लग्नाला जाऊन आलेला होता, आणि तिने ते वाटेत दाखवलं तेव्हा आपले पाय न्याहाळून म्हणाला होता, चालेल की, पॅन्टखाली आहेत.

चालेल... तिचं अख्खं आयुष्य या शब्दाशी झुंजण्यात गेलं होतं. दुकान तिचं एकटीचं, लहानसं – दोरे, अस्तर, बटणं – पण काउंटरमागची भिंत वरपासून खालपर्यंत रिळांनी भरलेली. बायका कापडाचा तुकडा घेऊन यायच्या, ती त्याच्याकडे एकदा बघायची, पाठ फिरवायची आणि न चाचपडता रीळ काढायची. गुंडाळलेल्या रिळाचा रंग दाट दिसतो, त्यावर जायचं नाही. एक पदर सोडवून कापडावर आडवा टाकायचा, दारातल्या उजेडात न्यायचा, आणि तो पदर कापडात दिसेनासा झाला की म्हणायचं – मिळालं. दिसेनासाच झाला पाहिजे. थोडा जरी दिसला तरी गिऱ्हाईक म्हणणार, चालेल ताई, द्या. आणि ती नाही म्हणायची. मिळत नाहीये, उद्या या, मागवते. गिऱ्हाईक हसायचं, कुरकुरायचं, पण उद्या यायचं. तिचा डोळा आहे, असं लोक म्हणायचे – जसं एखाद्याचा गळा असतो, एखाद्याचा हात असतो. दुकान बंद केलं ते गुडघ्यांमुळे. डोळ्यांमुळे नव्हे. डोळ्यांची शंका कोणाला आली नव्हती, निदान तसं कोणी तिला म्हणालं नव्हतं.

तिने खपली कागदात गुंडाळली, काळा चष्मा लावला आणि बाहेर पडली.

रंगाच्या दुकानात वास तोच होता, पाटी तेवढी बदललेली. रंगवाला तरतरीत, बोलघेवडा; त्याने खपली काउंटरवर ठेवली, वरची धूळ बोटाने पुसली आणि मुठीएवढं एक यंत्र तिच्यावर उपडं धरलं. आत क्षणभर उजेड चमकला. “कंपनी बदलली की रंगाची जातच बदलते, काकू,” तो म्हणाला. “नाव तेच, रंग दुसरा. रंग तोच, तर नाव दुसरं. त्यांच्या रंगात काय काय घालतात ते त्यांना माहीत. पण मशीन सांगेल तसा बनवून देतो, बराच जवळ जाईल.” मग त्याने आपल्या कार्डांतून एक पान काढलं. “आणि हा आमचा तयार. लोक टोप मागत आले की मी हाच पुढे करतो. आमच्यात ह्याला दगडी म्हणतात.”

त्याने दोन्ही रंगांचं एकेक बोट जाड कागदावर ओढलं आणि हेअर ड्रायरने वाळवलं. ओल्यावर जायचं नसतं हे त्यालाही माहीत होतं, आणि तिला ते बरं वाटलं. मग तिने खपली दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये ठेवली, चष्मा काढला, कागद उचलून दारात गेली, आणि पाय आपोआप उंबऱ्याशी थांबले, तिच्या स्वतःच्या दुकानात थांबायचे तसे. डावा डोळा मिटला. खपली सरकली आणि तयार रंगाच्या पट्टीत विरघळून गेली, कडसुद्धा उरली नाही. मिळालं. उजवा मिटला. खपली तिथून उठली आणि यंत्राच्या पट्टीत जाऊन मिसळली. मिळालं. ज्या पट्टीत ती मघाशी दिसेनाशी झाली होती, त्या पट्टीवर ती आता ठिगळासारखी उठून दिसत होती. डावा. उजवा. डावा.

“काकू, कुणाला डोळा मारताय?” रंगवाला आतून म्हणाला.

“तुझ्या मशीनला.”

तो मनापासून हसला. “मग? कुठला मिळाला?”

“दोन्ही.”

“दोन्ही कसे मिळतील? दोघांत एवढा फरक आहे.”

एवढा फरक आहे. त्याला तो सरळ दिसत होता, काउंटरमागे उभ्या उभ्या, दोन्ही डोळे उघडे ठेवून. तिने कागद परत दिला. “दोन्हींचे लहान डबे दे,” ती म्हणाली. “घरी लावून बघते.”

परतीच्या वाटेवर ती सावलीच्या बाजूने चालत राहिली. एका पिशवीत दोन डबे, पायाशी हलके आपटत. यंत्राला मोतीबिंदू होत नाही, आणि यंत्राने नव्या डोळ्याची बाजू घेतली, तेव्हा आता वाद घालण्यात अर्थ नव्हता: खरा रंग तो, जांभळट, गार. उजवा डोळा जे दाखवतो ती... उजव्या डोळ्याचा समज. चूक म्हणवेना. त्या डोळ्याने तिला कधी फसवलं नव्हतं, किंवा फसवलं असेल तर इतक्या सावकाश की त्याला फसवणं कसं म्हणायचं? मग अचानक, कारण नसताना, तिला दुकानात येणारी एक शिवणकाम करणारी आठवली. फार चोखंदळ बाई. दहा रिळं काढायला लावायची, मिळालं म्हटल्याशिवाय पिशवी उघडायची नाही. दुकानाच्या अखेरच्या काळात मात्र तिने पुढे केलेलं पहिलंच रीळ ती बाई हातात घ्यायची, दारापर्यंत जायची, जरा थांबायची, आणि परत येऊन हळूच म्हणायची, चालेल ताई. तेव्हा वाटलं होतं, हिचंही वय झालं, हिची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. कीव आली होती तिची... मला. तिची.

आणि मग ती बाई यायची बंद झाली. लोक येतात, जातात. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

घरी नवरा नव्हता, फिरायला गेला होता. तिने जुनं वर्तमानपत्र खाली पसरलं, ब्रश काढला आणि पुट्टीच्या पांढऱ्या पट्ट्यावर तळहाताएवढे दोन चौकोन रंगवले – वर तयार दगडी, खाली यंत्राने काढलेला. ओले असताना दोन्ही गडद दिसत होते आणि दोन्ही खोटे बोलत होते. वाळेपर्यंत करायला काही नव्हतं. ती खुर्चीत बसली. समोर भिंत. भिंतीच्या शेवटी खिडकी, खिडकीला पडदा.

पडदा.

ती उठली नाही लगेच. आठवण आधी आली, हात मागून गेला. भिंत रंगवायची ठरली तेव्हा रंग या पडद्यावरून काढला होता. पडद्याच्या उरलेल्या कापडाचा तुकडा घेऊन ती रंगाच्या दुकानात गेली होती, सगळी कार्डं उलगडून बसली होती, तिथल्या माणसाने दाखवलेला एकेक रंग नाही, नाही म्हणत बाजूला सारला होता, आणि शेवटी हा, टोप, स्वतः बोट ठेवून काढला होता. त्या माणसाने विचारलं होतं, नक्की हाच का? तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं होतं की तो निमूट डबा भरायला आत गेला. आता ती उठली, पडद्याची कड ओढून भिंतीला टेकवली, आणि आधी डावा डोळा मिटला, कारण मन काही झालं तरी आधी ओळखीच्या दारानेच आत शिरतं. पडदा भिंतीत गेला. मिळाला. मग तिने उजवा डोळा मिटला, आणि तिच्या हातात एक तपकिरी, मातकट, उबदार कापड होतं आणि त्याच्यामागे जांभळट भिंत, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. कोणालाही दिसलं असतं. दारातून आत येणाऱ्या कोणालाही, येऊन बसणाऱ्या, चहा पिणाऱ्या, टोपावर हसणाऱ्या कोणालाही.

रंगारी गेला त्या संध्याकाळी ती अशीच पडदा धरून इथेच उभी होती. नवरा बाहेरून आला, बूट न काढता उभा राहिला, भिंतीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या ‘चालेल’ची वाट बघत होती, त्याला द्यायचं उत्तरही तिच्याजवळ तयार होतं. आणि तो म्हणाला – मिळालं.

तिचा शब्द. इतक्या वर्षांत त्याने तो कधी उच्चारला नव्हता. कधीही नाही, ना तिने शिवलेल्या कपड्याला, ना चादरीला, ना तिने आणलेल्या स्वेटरला. तिला काय वाटलं होतं तेव्हा! दगडाला पाझर फुटला असं वाटलं होतं. रात्री जेवताना तिने त्याला दोनदा आग्रह करून वाढलं होतं.

ती पुन्हा खुर्चीत बसली. आता शांतपणे विचार करायला हवा होता, आणि गंमत म्हणजे ती शांतच होती, दुसऱ्या कोणाच्या घरातली भानगड ऐकावी तशी. दोन शक्यता होत्या. एक, ह्यांना रंगातलं खरोखरच काही कळत नाही. निळा मोजा आणि काळा मोजा ह्यांना एकच. त्या दिवशी बायकोला बरं वाटावं म्हणून तिचा शब्द, अर्थ न कळता, पोपटासारखा म्हणून टाकला. तसं असेल तर काही बिघडलं नाही. दोन, ह्यांना दिसलं. आत पाऊल टाकताक्षणी दिसलं की हिचा डोळा गेला. आणि हे ‘चालेल’ म्हणाले नाहीत, कारण ‘चालेल’ म्हटलं असतं तर तिने, नेहमीसारखं, का चालेल, मिळत का नाही, कुठे दिसतोय फरक, म्हणून उलटतपासणी घेतली असती, आणि मग सांगावं लागलं असतं. म्हणून हा माणूस आयुष्यात एकदा खोटं बोलला, आणि त्यासाठी त्याने माझाच शब्द घेतला.

आणि त्यानंतर दुकान आणखी काही काळ चालूच होतं. दररोज सकाळी तो तिला दुकानापर्यंत सोडायला यायचा, शटर वर करून द्यायचा. शटर वर करताना काय असायचं त्याच्या मनात?

चौकोन वाळले होते. तिने पाहिलं: वरचा जुन्या डोळ्याला मिळत होता, खालचा नव्याला, दुकानात मिळाले होते तसेच, काडीचाही बदल नव्हता. तिने ब्रश धुतला, हात पुसले, आणि दाराकडे तोंड करून बसली. विचारायचं काहीच नव्हतं. भिंतीसमोर उभं करायचं, बस. वरचा म्हणाला, किंवा दोन्ही सारखेच म्हणाला, तर ह्यांना कळत नाही. देवा, दोन्ही सारखेच म्हणू दे, असं तिच्या मनात आलं, आणि आपण नवऱ्याच्या डोळ्यांत खोट असावी म्हणून देवाला साकडं घालतोय हे कळून तिला हसूही आलं.

तो आला. दारातूनच म्हणाला, “अरे वा, टोपाला दोन ठिगळं!”

“कुठलं मिळतंय?” ती म्हणाली.

“मला काय विचारतेस? रंगातलं तुला कळतं.”

“आज तुम्ही सांगा.”

तिच्या आवाजात काही असावं. त्याने बूट काढले, चष्मा कपाळावर चढवला, नकाशा बघायचा तसा कमरेत वाकून भिंतीजवळ गेला. वेळ लावला नाही त्याने. उगाच मान इकडेतिकडे केली नाही.

“खालचा,” तो म्हणाला. मग जरा थांबून, बोटाने चौकोनाची कड चाचपून, “किंचित उजळ आहे, पण चालेल. वरचा नाही. वरचा अगदीच तांबूस आहे.”

चालेल. तिने खालच्या चौकोनाकडे नव्या डोळ्याने पाहिलं. उजळ? होता. केसभर उजळ होता. तिने दुकानात मिळालं म्हणून सोडून दिला होता. म्हणजे ह्याचं चालेल इतकं नेमकं होतं... किती नेमकं, आणि कधीपासून? जेवणाला चालेल, चादरीला चालेल, मोज्यांना चालेल – प्रत्येक वेळी फरक बघून, मोजून, बाजूला ठेवून? इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की या माणसाला दिसत नाही म्हणून तो चालेल म्हणतो. दिसत होतं. सगळं दिसत होतं, आणि चालत होतं. तिच्यासकट.

राग यायला हवा होता. तो कुठेतरी होताही, पण नीट हातात येईना. त्याच्या शेजारीच दुसरं काहीतरी होतं, आणि दोघांत कड कुठे होती ते दिसत नव्हतं.

“दुसरा डोळा पुढच्या आठवड्यात,” तो चष्मा खाली घेत म्हणाला. “मग सगळंच नीट दिसेल तुला.” म्हणाला आणि गप्प झाला, जणू शेवटचे शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले.

ती उठली. खिडकीशी गेली, पडद्याची कड धरली, आणि त्या संध्याकाळी टेकवली होती तिथेच, भिंतीला टेकवली. त्याने पडद्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे – आधी एका डोळ्याकडे, मग दुसऱ्या. त्याचे ओठ किंचित हलले. तो आता काय म्हणेल याची भीती तिला वाटत नव्हती. दोन्हींतला कुठला शब्द आपल्याला ऐकायचा आहे, तेच तिला कळत नव्हतं. हात अवघडला होता. तिने पडदा तसाच धरून ठेवला.